पालक कोणाला म्हणायचं?

(राळेगाव येथे एकट्या स्त्रियांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)

मैत्रिणींनो, आणि मागे दाराशी उभे असलेले चार-सहा भाऊ,

मला बोलायला दिलेला विषय 'पालकत्व' असा आहे. शब्द जड आहे. सकाळी नाव नोंदवताना एका बाईनं विचारलं, "ताई, हे शाळेच्या पालकसभेचं हाय का?" मी हो म्हटलं, कारण पालकसभेत हा सगळा प्रश्न उघडा पडतो. सभेला येते आई. मजुरीचा अर्धा दिवस बुडवून येते, मास्तरांचं ऐकून घेते, पोरगं गणितात कच्चं आहे याचा दोषही आपल्या पदरात घेते. मग ज्या वहीवर तिची सही किंवा अंगठा घेतात, तिथे 'पालकाचे नाव' या रकान्यापुढे तिच्या नवऱ्याचं नाव लिहिलेलं असतं. तो नवरा कुठे असतो? कधी गुत्त्यावर, कधी कामाच्या शोधात तेलंगणात, कधी दुसरं घर करून त्याच तालुक्यात. आणि इथे बसलेल्या पुष्कळजणींच्या बाबतीत तो या जगातच नसतो. रकाना मात्र त्याचाच.

म्हणून मी या जड शब्दाचे आधी तुकडे करते. पालक असणं म्हणजे एक तर राबणं : भरवणं, धुणं, रात्री ताप आला तर उशाशी बसणं, फीचे पैसे उभे करणं. दुसरं म्हणजे नाव : मूल कोणाचं म्हणून ओळखलं जातं ते. आणि तिसरा अधिकार : शाळा कोणती, दवाखान्यात सही कोणाची, पोरीचं लग्न कधी, शेत विकायचं की ठेवायचं. आपल्याकडे पहिला तुकडा बाईच्या वाट्याला दिलेला आहे आणि तो तिच्याकडून हिसकावून घ्यायला कोणी येत नाही. उरलेले दोन बापाचे. बाप निघून गेला, मेला, किंवा मुळात कधी आलाच नाही, तरी ते दोन तुकडे आईकडे येत नाहीत. ते त्याच्या बापाकडे, भावाकडे, नाहीतर सरकारी कागदाच्या रकान्याकडे जातात.

मातृत्वाचे गोडवे कसे गायले जातात आणि त्या गोडव्यांखाली बाई कशी गाडली जाते, यावर आपल्या चळवळीत पुष्कळ बोलून झालं आहे. 'वांझ' ही शिवी बाईलाच का, यावरही झालं आहे. मी आज त्यात वेळ घालवत नाही. आज बोलायचं ते त्या बायांबद्दल, ज्या आई तर आहेत पण पालक म्हणून ज्यांना कोणी धरत नाही.

इथून जवळच रावेरी आहे. तुमच्यातल्या बऱ्याचजणी त्या देवळात जाऊन आल्या असतील. तिथे सीता एकटी आहे. शेजारी राम नाही, लक्ष्मण नाही. रामानं गरोदरपणी टाकलेली सीता इथे राहिली, इथेच लव-कुश झाले, अशी इथली कथा. बाळंतपणानंतर तिनं गावात पसाभर गहू मागितले, गावानं दिले नाहीत, आणि तिनं शाप दिला की या शिवारात गहू पिकणार नाही. शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी या देवळाच्या जीर्णोद्धारासाठी पुढाकार घेतला, आणि टाकलेल्या बाईचं देऊळ म्हणून रावेरी महाराष्ट्राला माहीत झाली.

या कथेत लोकांना शाप आठवतो. मला ते मागणं महत्त्वाचं वाटतं. ती काय मागत होती? न्याय नाही, रामाला जाब नाही. बाळंतिणीला लागतात तेवढे गहू. आणि गावानं का दिले नसतील? गाव काही इतकं दरिद्री नव्हतं. गावाला प्रश्न पडला असणार की ही कोणाची बाई आणि ही लेकरं कोणाची. ज्या बाईच्या लेकरांचा बाप समोर नाही, तिला द्यायचं म्हणजे ती जबाबदारी आपल्या गळ्यात पडायची. पुढे मुलं मोठी झाली, पराक्रमी निघाली, तेव्हा बापाला ओळख पटली, आणि मुलं रघुकुळाची झाली. वाढवलं तिनं, वंश त्याचा वाढला. तिच्यासाठी मात्र धरणीला दुभंगावं लागलं. ही पुराणातली गोष्ट आहे असं म्हणून सोडून देता आलं असतं तर बरं झालं असतं. पण या जिल्ह्यात ती रोज घडते.

राळेगावहून दक्षिणेला उतरलं की पांढरकवडा, मग मारेगाव, झरी-जामणी, आणि पैनगंगेपलीकडे तेलंगणातलं आदिलाबाद. या पट्ट्यात कोलामांचे पोड आहेत. पोड म्हणजे मूळ गावापासून थोडी दूर असलेली त्यांची वस्ती. महाराष्ट्रातल्या ज्या तीन आदिवासी जमातींना सरकारनं विशेष असुरक्षित ठरवलं आहे, त्यात कातकरी, माडिया गोंड आणि कोलाम येतात. कोलामांची स्वतःची भाषा आहे, कोलामी. ती मराठीच्या कुळातली नाही, तेलुगू-गोंडीच्या कुळातली आहे. म्हणजे पोडावरची आई शाळेत जाते तेव्हा मास्तरांशी बोलायला तिला परकी भाषा वापरावी लागते, हेही ध्यानात घ्या.

या भागाचं नाव वर्षानुवर्षं वर्तमानपत्रात येतं ते एकाच मथळ्याखाली : 'कुमारी माता'. पुढारी येतात, आयोगाची माणसं येतात, फोटो निघतात, तोंडावर पदर घेतलेल्या पोरी छापून येतात. नक्की किती, यावर दरवेळी वाद होतो. एक संस्था एक आकडा सांगते, सरकार दुसरा. पण आकडा लहान ठरला म्हणजे प्रश्न लहान झाला असं मानायला मी तयार नाही. एका पोडावर अशी एकच पोरगी असली तरी तिचं लेकरू पुरतं एक माणूस आहे.

आणि शब्द पाहा. कुमारी माता. ज्या पुरुषापासून हे मूल झालं त्याच्यासाठी आपल्या भाषेत शब्दच नाही. 'कुमार पिता' असं म्हटलं तर तुम्हाला हसू येतं. आत्ताही आलं. तो रस्त्याच्या कामावर आलेला मुकादम असतो, लाकडाचा किंवा तेंदूपानाचा ठेकेदार असतो, व्यापारी असतो, ट्रकवाला असतो, कधी शेजारच्या गावातला चांगल्या घरचा मुलगा असतो. लग्नाचं सांगितलेलं असतं. काम संपलं की तो जातो. त्याच्यावर डाग नाही, त्याचं लग्न थाटात होतं, आणि त्याला आपण बाप आहोत हे आठवायचंही कारण पडत नाही. या बातम्या वाचून शहरातल्या बाया मला विचारतात, "आदिवासींमध्ये हे चालतंच ना?" मला या प्रश्नाचा राग येतो. त्यांच्या रीतीभाती काहीही असोत, फसवणूक ही कोणत्याही जमातीची रीत नसते. उलट, मी ज्या घरांत गेले तिथे आजी-आजोबांनी लेकराला टाकलं नव्हतं. पोडानं त्याला आपलंच म्हटलं होतं. अडचण पोडाबाहेर सुरू होत होती.

एका आजीबाईंचं सांगते. लेक मजुरीला गेलेली, म्हणून नातवाला शाळेत घालायला त्या स्वतः आल्या होत्या. मास्तरांनी बापाचं नाव विचारलं. त्यांनी लेकीचं सांगितलं. मास्तर म्हणाले, "आईचं नको बुढे, बापाचं सांग." तेव्हा ती म्हणाली, "खाऊ मी घालतो, नाव त्याचं काहून घालू? तो कुठी हाय ते तुमीच सांगा." मास्तर वाईट नव्हते. त्यांनी शेवटी आजोबाचं नाव बापाच्या जागी टाकलं आणि त्यांना वाटलं आपण उपकार केले. पण बघा, झालं काय? कागदावर आई आपल्याच मुलाची बहीण झाली. दहा-बारा वर्षांनी जातीचा दाखला काढताना हा घोळ वर येतो. तेव्हा मास्तर बदलून गेलेले असतात आणि आजी नसते.

आता कायदा काय म्हणतो ते ऐका. यात एक गंमत आहे, कडू गंमत. हिंदूंसाठी १९५६ साली अज्ञानत्व व पालकत्वाचा कायदा झाला. त्यात मुलाचा नैसर्गिक पालक कोण? आधी बाप, आणि त्याच्या 'नंतर' आई. ही झाली लग्नाच्या बाईची गोष्ट. मूल अनौरस असेल तर? तर आधी आई, मग बाप. म्हणजे गाव जिला नावं ठेवतं, तिला कायदा पहिली पालक मानतो; आणि मंगळसूत्र घालून, नऊवारी नेसून, हळदीकुंकवाला मानानं जाणारी जी बाई, ती कायद्यानं दुसऱ्या नंबरची. लग्न करून बाई पालकपणात एक पायरी खाली उतरते! मी हे पहिल्यांदा नीट वाचलं तेव्हा दोनदा वाचलं.

या 'नंतर' शब्दावर भांडण झालं. गीता हरिहरन या इंग्रजीतल्या लेखिका. त्यांनी मुलाच्या नावानं रिझर्व्ह बँकेचे रोखे घ्यायला अर्ज केला, तर बँकेनं सांगितलं, पालक म्हणून वडिलांची सही आणा. नवरा-बायको दोघं मिळून कोर्टात गेले. १९९९ साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की 'नंतर' म्हणजे बाप मेल्यानंतरच असं नाही. बाप लक्ष घालत नसेल, दूर असेल, तर तेव्हाही आई पालक आहे. बरं झालं. पण कायद्यातला शब्द अजून तोच आहे. आई पालक होते ती बापाच्या गैरहजेरीत. तो हजर असला की ती पुन्हा मागे.

आणि कोलाम बाईला तर हाही कायदा लागू नाही, कारण अनुसूचित जमातींना तो कायदा वगळतो. मग तिनं कुठे जायचं? तिच्यासाठी २०१५ चा निकाल कामाचा आहे. दिल्लीतल्या एका अविवाहित आईनं आपल्या मुलाचं पालकत्व मागितलं आणि बापाचं नाव सांगायला नकार दिला. ती ख्रिस्ती होती, तिचा अर्ज १८९० च्या जुन्या पालक-पाल्य कायद्याखाली होता. खालच्या कोर्टांनी बापाला नोटीस काढल्याशिवाय पुढे जायचं नाही असं म्हटलं. सर्वोच्च न्यायालयानं ते फिरवलं. बापाला मुलाशी काही देणंघेणं नसेल तर त्याला बोलवायचं कारण नाही, आणि एकट्या आईनं जन्मदाखला मागितला तर तिचं प्रतिज्ञापत्र घेऊन तो द्यायचा, असं सांगितलं. हे नीट लक्षात ठेवा, कारण नोंदणीच्या खिडकीतल्या माणसाला हे ठाऊक असेलच असं नाही.

जातीच्या दाखल्याचं मात्र अवघड आहे. पडताळणीत कागद मागतात ते बापाकडचे : बापाचा दाखला, आजोबाचा, चुलत्याचा. आता बाप बिगर आदिवासी, तो पळून गेलेला, आणि मूल पोडावर कोलामी बोलत वाढलेलं. ते कोण? २०१२ साली गुजरातच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की मूल बापाच्या जातीचं हे गृहीत अटळ नाही. आदिवासी आईनं त्याला वाढवलं असेल, आईच्या समाजात ते वाढलं असेल, त्या समाजाला जे सोसावं लागतं ते त्यानं सोसलं असेल, तर ते पुराव्यानं दाखवता येतं. म्हणजे मघाचा तो पहिला तुकडा, राबण्याचा, तो न्यायालयानं पहिल्यांदा मोजला. कोणी वाढवलं याला किंमत आली. पण दाखवायचं कोणी? पुरावा कोणी गोळा करायचा? त्याच आईनं.

आई 'होण्या'बद्दलही बोललं पाहिजे. आपण सगळ्याजणी लेकरांच्या आया आहोत, पण आई व्हायचं की नाही हे आपल्यापैकी कितीजणींनी ठरवलं? हात वर करायला मी सांगत नाही. गर्भपाताचा कायदा १९७१ चा आहे. २०२१ च्या दुरुस्तीत 'विवाहित स्त्री आणि तिचा नवरा' हे शब्द जाऊन 'स्त्री आणि तिचा जोडीदार' हे शब्द आले, आणि २०२२ च्या सप्टेंबरात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की काही परिस्थितींत चोवीस आठवड्यांपर्यंत मिळणारी मुभा अविवाहित स्त्रीलाही आहे. सज्ञान बाईला स्वतःच्या संमतीशिवाय दुसऱ्या कोणाची सही लागत नाही. तरी मी ज्या ज्या दवाखान्यात बायांसोबत गेले, तिथे "नवऱ्याला घेऊन या" हेच पहिलं वाक्य ऐकलं. नवराच नसलेल्या पोरीनं कोणाला न्यायचं? ती परत जाते, दिवस जातात, आणि मग उपाय उरत नाही. पोरगी अठराच्या आतली असेल तर २०१२ च्या बाल लैंगिक अत्याचाराच्या कायद्यानं पोलिसांना कळवावंच लागतं. कायदा तिच्या रक्षणाचा आहे, पण पोलिसांच्या भीतीनं घरचे तिला दवाखान्यातच नेत नाहीत. २०२२ च्या त्याच निकालात सांगितलंय की गर्भपातासाठी आलेल्या अशा मुलीचं नाव डॉक्टरांनी पोलिसांना उघड करायची गरज नाही. ही गोष्ट प्रत्येक आशाताईला माहीत असली पाहिजे.

माझं म्हणणं एवढंच की जिला नाही म्हणता येत नाही, तिच्या हो म्हणण्याला अर्थ नसतो. मूल झाल्यावर ती त्याला जीव लावते, हे खरं. पण त्या जीव लावण्याचा दाखला देऊन कोणी म्हणू नये की बघा, तिला हवंच होतं.

आता दुसऱ्या घराकडे वळते, कारण इथे बसलेल्या निम्म्या बाया तिथल्या आहेत. शेतकऱ्यांच्या विधवा. या जिल्ह्याला 'आत्महत्यांचा जिल्हा' म्हणतात. १९ मार्च १९८६ ला महागाव तालुक्यातल्या चिलगव्हाणचे साहेबराव करपे, त्यांची पत्नी मालती आणि चार मुलं यांचा पवनारजवळ दत्तपूरला विषानं मृत्यू झाला. ती पहिली जाहीर शेतकरी आत्महत्या म्हणून दरवर्षी १९ मार्चला त्यांच्या आठवणीत लोक उपवास करतात. करावा. शेतीचं जे केलं गेलं त्याचा जाब मागायलाच हवा. पण मला नेहमी ती चार मुलं आठवतात. मूल आत्महत्या करतं का? आपण मरताना लेकरांना मागे ठेवू नये असं वाटण्याइतकी निराशा मी समजू शकते. तरीही मुलांचं आयुष्य आपल्या आयुष्याचाच भाग, आपल्याबरोबर ते संपवता येतं, ही कल्पना पालकपणाच्या आपल्या समजुतीतूनच येते, हे बोलायला हवं.

मागे राहिलेल्या बाईचं काय होतं? मदत एक लाखाची. त्यातले तीस हजार हातात आणि सत्तर हजार ठेव म्हणून बँकेत. आधी प्रकरण 'पात्र' ठरावं लागतं : शेत त्याच्या नावावर होतं का, कर्ज बँकेचं होतं का सावकाराचं, वसुलीचा तगादा होता का. सात-बारावर सासऱ्याचं नाव असलं की संपलं. त्याच शिवारात तिनं निंदलं, डवरलं, कापूस वेचला, पण कागदावर ती शेतकरी नाही, आणि पोरांच्या वाट्याचं शेतही तिच्या हातात नाही.

मी पाहिलेलं एक घर. दोन लेकरांची आई, तिशीही ओलांडलेली नाही. नवरा गेल्यावर वर्षभरानं माहेरच्यांनी दुसरं घर पाहिलं. माणूस बरा होता, त्यालाही एक मूल होतं. सासऱ्यांनी तिला बसवून सांगितलं, "तुले जायचं तर जा बाप्पा, आमी काई अडवत नाई. नातू मात्र आमचा." नातीबद्दल ते काही बोलले नाहीत. ती पोरगी तिथेच आईला धरून उभी होती. बाई गेली नाही. गाव तिचं कौतुक करतं, लेकरासाठी राहिली म्हणून. मला ते कौतुक सहन होत नाही. पुरुष दुसरं लग्न करतो तेव्हा लेकरांना आई मिळावी म्हणून करतो, असं सगळे म्हणतात. बाईनं केलं की ती लेकरं टाकून गेली. एकच कृती, पण तो करतो तेव्हा पालकपण आणि ती करते तेव्हा पाप.

कायद्यानं पाहिलं तर सासऱ्यांचं ते बोलणं खोटं होतं. बाप गेल्यावर नैसर्गिक पालक आई. आजोबा नाही. २०२२ च्या जुलैत आंध्र-तेलंगणाकडच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की पुन्हा लग्न केलेल्या विधवेला आपल्या मुलाचं आडनाव ठरवायचा अधिकार आहे, ती त्याला नव्या नवऱ्याचं आडनाव लावू शकते, आणि पहिल्या नवऱ्याचे आई-बाप तिला अडवू शकत नाहीत. हे त्या बाईला त्या दिवशी कोणी सांगितलं असतं तर ती गेली असती का? मला माहीत नाही. गेली नसती तरी हरकत नव्हती, पण तो तिचा निर्णय झाला असता.

२०१९ च्या जानेवारीत यवतमाळला साहित्य संमेलन झालं. नयनतारा सहगल यांना बोलावून मग नको म्हटलं गेलं, आणि उद्घाटन केलं कळंब तालुक्यातल्या राजूरच्या वैशाली येडे यांनी. शेतकऱ्याची विधवा, दोन मुलांची आई, अंगणवाडीत काम करणारी. 'तेरवं' नाटकातून त्यांनी आणि त्यांच्यासारख्या बायांनी स्वतःचं जिणं रंगमंचावर आणलं होतं. त्या दिवशी मोठमोठे लेखक खाली बसून ऐकत होते. तिला सन्मान मिळाला याचा आनंद सगळ्यांना झाला, मलाही. सन्मान मिळतो, पण सात-बारा मिळत नाही, ही आपली रीत. शेतकरी संघटनेनं १९९० च्या सुमारास 'लक्ष्मीमुक्ती'चा कार्यक्रम घेतला, गावागावांत पुरुषांनी बायकोच्या नावावर थोडी जमीन करून द्यावी म्हणून. काही गावांनी करूनही दाखवलं. सगळ्यांनी केलं असतं तर आज या मंडपात निम्म्याच बाया असत्या.

कोणी म्हणेल, नाव-अधिकाराचं एवढं काय घेऊन बसलात, प्रेम महत्त्वाचं. यावर मी सावित्रीबाईंकडे बोट दाखवते. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८६३ साली पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं, फसवल्या गेलेल्या विधवांना गुपचूप बाळंत होता यावं, बाळाला मारावं लागू नये म्हणून. तिथे आलेल्या एका ब्राह्मण विधवेचा मुलगा त्यांनी १८७४ साली दत्तक घेतला. तो यशवंत. त्यांनी नुसतं प्रेम केलं नाही. नाव दिलं, शिकवून डॉक्टर केलं, आणि १८८७ साली मृत्युपत्र करून वारस म्हणून त्याचं नाव लिहिलं. राबणं, नाव, अधिकार, तिन्ही तुकडे एकत्र. तरीही १८९० साली जोतीराव गेले तेव्हा दत्तक मुलाच्या हक्कावर भाऊबंदांनी वाद घातला, आणि सावित्रीबाईंनी स्वतः टिटवं हातात धरलं असं सांगतात. सात वर्षांनी प्लेगमध्ये माय-लेकरं मिळून रोग्यांची सेवा करत होती, त्यातच त्या गेल्या. रक्ताचं नातं कुठेच नव्हतं. तुम्ही मला सांगा, यशवंतचे पालक कोण?

दाराशी उभे असलेल्या भावांना एक सांगायचं आहे. मी बापांच्या विरुद्ध बोलते आहे असं समजून मघाशी दोघं निघून गेले. बाप हवा आहे. रात्री उठणारा, पोरीची वेणी घालणारा, दवाखान्याच्या रांगेत मांडीवर लेकरू घेऊन बसणारा बाप आम्हाला हवाच आहे. तो असा राबला तर त्याचं नाव लावायला आमची ना नाही. आईचं आणि त्याचं, दोघांचं लावू. राज्य सरकारनं मार्च २०२४ मध्ये ठरवलं आहे की १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलाच्या नावात आधी मुलाचं, मग आईचं, मग वडिलांचं आणि मग आडनाव येईल. त्याआधी जन्मलेल्यांचं काय, हा प्रश्न आपल्या पोरांसाठी उरतोच. आणि एवढं केल्यानं बाप राबायला लागेल असंही नाही. पण रकान्यात आई आली. आता पालकसभेच्या वहीतही यायला हवी.

बोलणं लांबलं. जेवणानंतर पलीकडच्या खोलीत आपल्या कार्यकर्त्या अर्ज भरून द्यायला बसणार आहेत. क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेत एका मुलामागे महिना २,२५० रुपये मिळतात. विधवांच्या मुलांना मिळतात तसे कुमारी मातांच्या मुलांनाही. अर्ज यवतमाळच्या महिला व बालविकास कार्यालयात जातो. ज्यांच्या लेकरांचा जन्मदाखला निघालेला नाही त्यांनी आधी त्या टेबलाकडे जा. जन्माला वर्ष उलटून गेलं असेल तर दंडाधिकाऱ्याचा आदेश लागेल, त्याचे कागद वेगळे आहेत. दवाखान्याचं कार्ड हरवलं असेल तर आशाताईच्या किंवा अंगणवाडीच्या नोंदवहीतला उतारा आणा. लेकराचं नाव ठरलं नसेल तर तो रकाना मोकळा ठेवा, नंतर घालता येतं. आणि बापाच्या रकान्यापाशी आलात की घाई करू नका. आजोबाचं नाव तिथे टाकू नका. आम्हाला हाक मारा.